कालबाह्य ड्रायव्हर वगळणे (कर्नेलचा साठवण-स्तर)

डिस्क, सीडी, मेमरी कार्ड अशा उपकरणांशी बोलणाऱ्या, कर्नेलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) कोडपैकी, म्हणजे ड्रायव्हरपैकी, वापरातून गेलेला भाग कर्नेलच्या मुख्य कोडसाठ्यातून काढून टाकण्याची प्रथा. लिनक्समध्ये ती उघडपणे, पूर्वसूचना देऊन चालते.

पडून राहिलेल्या कोडने बिघडते काय? साठवण-स्तराची आतली रचना बदलली की तिच्यावर उभा असलेला प्रत्येक ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि ज्याचे हार्डवेअर कोणाच्याच टेबलावर नाही त्यातला बदल चाचणीविनाच आत जातो. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला शे-दोनशे विखुरलेल्या मागण्या पुरवते. तिला मागण्यांची एक रांग आणि त्या रांगेला एका वेळी एकाच कोअरला हात लावू देणारे एक कुलूप पुरत होते. फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीचा आकडा लाखांत गेल्यावर त्या एका कुलपापाशी प्रोसेसरचे सगळे कोअर खोळंबू लागले. अनेक रांगांची रचना लिनक्सच्या ३.१३ या आवृत्तीत (जानेवारी २०१४) आली. जुनी मात्र थेट ५.० मध्ये (मार्च २०१९) निघाली, कारण तोवर एकेक ड्रायव्हर नव्या रचनेवर आणावा लागला.

या प्रथेचे सर्वांत ठळक उदाहरण आयडीई या डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरचे. ‘२०२१ मध्ये हा काढला जाईल, लिबएटीएकडे (त्याची जागा घेणाऱ्या नव्या कोडकडे) वळा’ अशा अर्थाची सूचना तो बूट होतानाच दाखवत असे. ऑगस्ट २०२१ च्या ५.१४ मध्ये कर्नेल-विकासक क्रिस्टोफ हेलविग यांनी तो काढला. ४० हजारांहून अधिक ओळी गेल्या.

नाशिकमध्ये याची झळ पोहोचू शकते ती सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत. मशीन वीस वर्षे चालते, तसा तिला जोडलेला संगणकही. झाकण उघडले की तेलकट धूळ बसलेली, चाळीस पिनांची चपटी केबल आणि डिस्कमागे मास्टर-स्लेव्ह ठरवणारा इवलासा जंपर दिसतो. अशी डिस्क नव्या कर्नेलवरही चालते, कारण लिबएटीए तिला ओळखतो. फक्त कर्नेल तिला देतो ते नाव एचडीएचे एसडीए होते. बूटलोडरच्या (कर्नेल सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत किंवा पार्टिशनांची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलीत जुने नाव राहिले असेल तर रूट पार्टिशन (सिस्टिम असलेला डिस्कचा भाग) सापडत नाही, आणि धडधाकट डिस्क गेली असे समजून ती बदलण्याची धावपळ सुरू होते. नावाऐवजी पार्टिशनचा यूयूआयडी (स्वतःचा ओळख-क्रमांक) लिहिणे हा खरा उपाय. कर्नेल बदलण्याआधीच तो करून ठेवावा.

काढलेला ड्रायव्हर परतही येतो. सीडी-डीव्हीडीवर पॅकेट पद्धतीने (तुकड्यातुकड्यांनी) लिहिणारा पीकेटीसीडीव्हीडी ६.२ च्या तयारीत वगळला गेला होता. तो वापरणारे अजून आहेत हे कळताच जानेवारी २०२३ मध्ये तो पुन्हा बसवला. म्हणूनच बूटच्या वेळची सूचना वाचून ‘आमच्याकडे हे चालू आहे’ असे कळवणे फार मोलाचे ठरते.

वगळलेला कोड गिटच्या (कोडमधील बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात जसाच्या तसा राहतो. डिसेंबर २०२० च्या ५.१० या दीर्घकालीन आवृत्तीत जुना आयडीई ड्रायव्हर शाबूत आहे.