मशरूम पावडर, हळदीच्या गोळ्या आणि अंगी लागायचा प्रश्न

रेशी, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स असल्या मशरूमच्या पावडरी आता घरपोच मिळतात, त्यांच्या शेजारीच हळदीतल्या कर्क्युमिन ह्या पिवळ्या घटकाच्या गोळ्या असतात आणि बऱ्याच डब्यांवर एकच दावा, आमचं प्रॉडक्ट इतक्या पट जास्त शोषलं जातं. मला वाटतं, पैसे देण्याआधी एवढंच विचारावं की ह्या पदार्थाचं नक्की अडतं कुठे? कारण मशरूमचं अडतं एका ठिकाणी, हळदीचं दुसऱ्याच, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

आधी मशरूम. त्याच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, तेच जे खेकड्या-कोळंबीच्या कवचात असतं. आपल्या पोटात ते तोडणारं एन्झाइम आहे पण त्याचा जोर फार कमी, म्हणून वाळवून नुसती दळलेली पावडर खाल्ली तर बराचसा ऐवज भिंतीतच अडकून राहतो. आणि ज्याच्यासाठी आपण हे खातो ते बीटा-ग्लुकन, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, त्या भिंतीतच कायटिनबरोबर विणलेलं असतं! त्याला मोकळं करायचा जुना उपाय म्हणजे उकळणं. रेशी तर लाकडासारखी कडक, ती भाजीत घालून खाता येत नाही, चीन-जपानमध्ये तिचे तुकडे मंद आचेवर बराच वेळ उकळून काढा करतात. पण रेशीतली ट्रायटर्पीन्स नावाची कडवट द्रव्यं पाण्यात नीट उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं. डब्यावर 'ड्युअल एक्स्ट्रॅक्ट' लिहिलेलं असतं ते ह्यासाठी, एकदा गरम पाण्यात अर्क काढला, एकदा अल्कोहोलमध्ये. रेशीचा अर्क जिभेवर अजिबात कडू लागला नाही तर मी तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता गंमत बघा, बीटा-ग्लुकन मोकळं झालं तरी ते रक्तात जायचं नसतंच मुळी. रेणू एवढा मोठा की तो आतड्यातून जवळपास पलीकडे जातच नाही, आतड्याच्या भिंतीतल्या रोगप्रतिकारक पेशी त्याला डेक्टिन-१ नावाच्या रिसेप्टरने ओळखतात, जे काही व्हायचं ते तिथूनच सुरू होतं. त्यामुळे मशरूमच्या कॅप्सूलमध्ये मिरी (शोषण वाढवायला ती हळदीच्या गोळ्यांत घालतात, ते पुढे येईलच) घालून 'दहापट शोषण' म्हणणाऱ्याला विचारा, शोषण कशाचं? शिताके मशरूममधलं लेंटिनन जपानमध्ये १९८५ पासून बरीच वर्षं जठराच्या कॅन्सरवर केमोथेरपीच्या जोडीला वापरत, पण ते इंजेक्शनने. तिथले रिझल्ट दाखवून तोंडाने घ्यायची कॅप्सूल विकणं मला बरोबर वाटत नाही.

अजून एक. बऱ्याच स्वस्त पावडरी मशरूमच्या छत्रीच्या नसून तांदूळ किंवा ओट्सवर वाढवलेल्या बुरशीच्या धाग्यांच्या असतात आणि त्यात ते धान्यही दळलं जातं. चिमूटभर पावडर पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. काळंनिळं झालं तर त्यात स्टार्च आहे, म्हणजे तुम्ही मशरूमच्या भावाने धान्य घेतलंय. (टेस्ट केलेलं पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही.)

हळदीची अडचण उलटी. कर्क्युमिनला कुठली भिंत आडवी येत नाही, पण ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं, आणि जे थोडंफार आतड्यातून आत जातं त्याला आतड्याची भिंत आणि लिव्हर मिळून दुसरा रेणू चिकटवतात आणि बाहेर काढतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी मोजक्या निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं तर रक्तात जवळपास काही सापडलंच नाही, त्याच्याबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, दिला तर प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. सगळे जण हाच आकडा सांगतात, पण डोसकडे बघा की. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे २ ग्रॅमसाठी ६५ ग्रॅमच्या आसपास हळद! कपभर हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड टाकून ते २००० टक्के पदरात पडत नाहीत. दूध जरूर प्या, चांगलंच आहे, पण त्याला त्या प्रयोगाचा दाखला नको.

मिरीचं हे काम आपल्याकडे खूप आधी लक्षात आलं होतं. सुंठ, मिरी आणि पिंपळी म्हणजे त्रिकटू आयुर्वेदातल्या इतक्या औषधांत का येतं ह्याचा शोध जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास घेतला आणि पायपरिन इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं हे दाखवलं. त्याच संस्थेच्या कामातून पुढे टीबीची रिसोरीन ही कॅप्सूल आली, २००९ मध्ये. तिच्यात रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम आणि सोबत १० मिलिग्रॅम पायपरिन. औषध निम्म्याहून कमी, हे केवढं मोठं काम आहे!

पण ह्याचाच दुसरा अर्थ असा की पायपरिन हळदीपुरतं थांबत नाही. फिटची फेनिटोइन, बीपीची प्रोप्रॅनोलोल, दम्याची थिओफिलिन, ह्यांचंही रक्तातलं प्रमाण ते वाढवू शकतं. स्वयंपाकातल्या मिरीची भीती बाळगू नका, मी रोजच्या गोळ्यांबद्दल बोलतोय. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटशी जोडलेल्या १० केसेस मांडल्या, त्यातला एक पेशंट दगावला, आणि तपासलेल्या काही नमुन्यांत पायपरिनही सापडलं. त्यामुळे आधीच गोळ्या चालू असतील तर सप्लिमेंटची बाटली डॉक्टरांना दाखवूनच घ्या, आणि लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर ताबडतोब बंद करून डॉक्टरकडे जा.

बाकी शोषण वाढवायला दर वेळी डबा लागतोच असं नाही. पोह्यावर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त घेतलं जातं, आणि त्यावर लगेच चहा प्यायला की कमी होतं, तासाभराने प्या. ड जीवनसत्त्वाची गोळी उपाशीपोटी न घेता तेल-तूप असलेल्या जेवणानंतर घ्या. आणि बाजारातलं साधं बटण मशरूम किंवा धिंगरी आणली तर चिरून, छत्रीखालची झालर वर करून दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवा. त्यातल्या अर्गोस्टेरॉल ह्या घटकाचं उन्हाने ड२ जीवनसत्त्व होतं. ऊन थेट हवं, खिडकीच्या काचेतून अतिनील किरण पुरेसे येत नाहीत, आणि नंतर भाजी थोड्या तेलातच परता.