गिटमधली दोन टिंबं आणि तीन टिंबं

कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्ये पुल रिक्वेस्ट (आपले बदल मूळ कोडात घेण्याची विनंती) तपासताना हमखास निघणारा प्रश्न: ब्राउझरमध्ये मोजक्याच फायली बदललेल्या दिसतात, मग टर्मिनलवर डिफ, म्हणजे दोन अवस्थांतला फरक, घेतला की एवढी लांबलचक यादी कुठून येते? शिवाय त्यात कोणीच न केलेली खोडाखोडही दिसते. बहुतेक वेळा फरक एका टिंबाचा असतो.

दोन ब्रँचच्या, म्हणजे कामाच्या वेगळ्या फांद्यांच्या, नावांमध्ये दोन टिंबं घालता येतात आणि तीनही. पण लॉग, म्हणजे झालेल्या बदलांची यादी देणारी कमांड, त्यांचा एक अर्थ लावतो आणि डिफ दुसराच.

समजा मेन ब्रँचवर क आणि ख अशा दोन कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, आहेत. ख पासून लॉगिन ही ब्रँच फुटली आणि तिच्यावर च, छ झाल्या. दरम्यान मेनवर ग आणि घ येऊन पडल्या.

‘गिट लॉग मेन..लॉगिन’ म्हटलं की च आणि छ दिसतात. टिंबं बघून ‘इथून तिथपर्यंत’ असं वाटतं, पण ही सरळ वजाबाकी आहे: लॉगिनवरून मागे जाताना ज्या कमिट लागतात, त्यांतून मेनवरून लागणाऱ्या वगळायच्या. म्हणूनच हेच ‘गिट लॉग ^मेन लॉगिन’ असंही लिहिता येतं. नावांची अदलाबदल केली तर ग आणि घ मिळतात. तीन टिंबं दिली की दोघींत सामायिक नसलेलं सगळं येतं, म्हणजे ग, घ, च, छ. कुठली कोणाची हे कळायला --लेफ्ट-राइट जोडायचं. मग प्रत्येक कमिटपुढे < किंवा > उमटतं.

डिफला मात्र कमिटांचा संच नकोच असतो, त्याला दोन टोकं हवी असतात. त्यामुळे ‘गिट डिफ मेन..लॉगिन’ मधली टिंबं निव्वळ शोभेची आहेत. त्याजागी मोकळी जागा सोडली तरी उत्तर तेच. घ आणि छ समोरासमोर ठेवले जातात. ग आणि घ मध्ये आलेल्या ओळी लॉगिनमध्ये नाहीत, म्हणून त्या उणे चिन्हासह झळकतात आणि लॉगिनवाल्याने त्या उडवल्या असा समज होतो. ‘गिट डिफ मेन...लॉगिन’ मात्र आधी दोन्ही ब्रँचचा मर्ज बेस, म्हणजे सर्वांत अलीकडचा सामायिक पूर्वज (इथे ख), शोधतं आणि ख पासून छ पर्यंतचा बदल दाखवतं. गिटहबची पुल रिक्वेस्टही हाच डिफ दाखवते.

थोडक्यात, लॉगच्या दोन टिंबांचा जोडीदार म्हणजे डिफची तीन टिंबं. माझ्या मते ही रचनेतलीच चूक आहे. संक्षेप किती अक्षरं वाचवतो याला फारसा अर्थ नाही; तो दोन कमांडमध्ये दोन अर्थांनी वावरू लागला की वाचवलेला वेळ व्याजासकट परत जातो. गिटच्या अधिकृत माहितीतही डिफपाशी येऊन सांगावं लागतं की ही टिंबं इथे पल्ला दाखवत नाहीत. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या २.३० आवृत्तीत --मर्ज-बेस हा पर्याय डिफला मिळाला, तेव्हा कुठे हेच काम शब्दांत सांगता येऊ लागलं.

गिटसारखंच काम करणाऱ्या आणि त्याच्याप्रमाणेच २००५ मध्ये जन्मलेल्या मर्क्युरियलने वेगळी वाट धरली. तिथे वजाबाकीला ‘ओन्ली’ असं नाव असलेलं फंक्शन आहे आणि त्याचाच संक्षेप म्हणून % हे चिन्ह. टिंबं तिथेही आहेत, पण ‘मेन..लॉगिन’ म्हणजे मेनचे वंशज आणि त्याच वेळी लॉगिनचे पूर्वज असलेले बदल, दोन्ही टोकं धरून. आपल्या उदाहरणात मेन ही लॉगिनची पूर्वज नाहीच, त्यामुळे उत्तर रिकामं. गिटची सवय झालेला माणूस इथे हमखास चक्रावतो.

रोजच्या वापरात मी डिफला दोन टिंबं कधीच देत नाही. दोन टोकंच ताडून बघायची असतील तर मोकळी जागा, ब्रँचचं काम बघायचं असेल तर तीन टिंबं. शेवटचं नाव गाळलं तर गिट तिथे हेड, म्हणजे आपण सध्या ज्या कमिटवर आहोत ती, धरतं, म्हणून ‘गिट डिफ मेन...’ एवढंही पुरतं.

स्क्रिप्टमध्ये मात्र --मर्ज-बेस लिहावं. दोन ब्रँच एकमेकींत आलटूनपालटून मर्ज होत राहिल्या की मर्ज बेस एकाहून जास्त निघू शकतात. अशा वेळी तीन टिंबं त्यांतला एक निवडून, इशारा छापून पुढे जातात. --मर्ज-बेस चूक दाखवून तिथेच थांबतं.