परदेशात एमबीबीएससाठी अर्ज : सीमाभागातील विद्यार्थ्यांची पात्रता आणि दोन राज्यांची कागदपत्रे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान किंवा उझबेकिस्तान येथील वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला परत येऊन भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी करायची असेल, तर तेथील विद्यापीठाच्या अटींबरोबरच आपल्याकडील राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अटीही लागू होतात, आणि त्या प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वीच तपासून घ्याव्यात.

पहिली अट नीटची, म्हणजे भारतातील वैद्यकीय प्रवेश परीक्षेची आहे. परदेशी शिक्षणासाठीही नीट पात्रता २०१८ पासून बंधनकारक असून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ही अट कायम ठेवली. या कामासाठी नीटचा निकाल जाहीर झाल्यापासून तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. म्हणून ‘नीटशिवाय थेट प्रवेश’ सांगणाऱ्या एजंटाचे बोलणे तिथेच थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नीटला बसण्यासाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात.

अभ्यासक्रमाची पारख आयोगाच्या १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमावलीने करावी. शिक्षण किमान ५४ महिन्यांचे आणि इंग्रजी माध्यमाचे असावे, ते व त्यानंतरची १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हावी, आणि मिळणाऱ्या पदवीवर त्या देशात वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळण्याची सोय असावी. हे सारे विद्यापीठाकडून लेखी मागून घ्यावे. परतल्यावर ३०० गुणांच्या एफएमजीई या परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरांसाठीच्या पात्रता परीक्षेत किमान १५० गुण मिळवावे लागतात, आणि भारतात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप असते.

आपल्या भागातील अर्ज अडतात ते मात्र बहुधा कागदपत्रांपाशी. दहावी बेळगावात कर्नाटक मंडळातून आणि बारावी चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला महाराष्ट्र मंडळातून, अशी मुले आपल्याकडे घरोघरी आहेत. ज्या देशांना अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात मान्य होणारा शिक्का) चालते त्यांच्यासाठी शैक्षणिक कागद आधी राज्य शासनाकडून साक्षांकित होतो आणि मग त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागते. पण जो कागद ज्या राज्याने दिला, तो त्याच राज्याकडून साक्षांकित करावा लागत असल्याने एसएसएलसीचे (दहावीचे) मार्क्सकार्ड कर्नाटकाकडे आणि बारावीची गुणपत्रिका महाराष्ट्राकडे, अशी दोन वेगळी कामे एकाच वेळी सुरू करावी लागतात. बेळगावात राहतो म्हणून सगळे बेंगळुरूमार्फत होईल, असे समजून बसल्यास महत्त्वाचे आठवडे जातात.

दुसरी अडचण नावाची. महाराष्ट्राच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, कर्नाटकाच्या कागदांवर बहुधा स्वतःचे नाव पुढे असते आणि आडनाव कधी आद्याक्षरापुरते उरते. त्यातच जन्मदाखला कन्नडमध्ये असेल, तर इंग्रजी भाषांतर करताना ‘पाटील’ची स्पेलिंग पासपोर्टपेक्षा निराळी पडते. जन्मदाखला, दोन्ही गुणपत्रिका, आधार, नीटचा अर्ज आणि पासपोर्ट यांवरील नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून पाहावी. केवळ नावाचा क्रम वेगळा असेल, तर ‘ही एकच व्यक्ती’ असे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र अनेक ठिकाणी चालते, तरी ते चालेल का हे विद्यापीठाला आधी विचारावे. जन्मतारखेत फरक असेल, तर ज्या कार्यालयाने कागद दिला तिथूनच दुरुस्ती करून घ्यावी.

पासपोर्ट, पोलीस पडताळणीचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, पालकांच्या उत्पन्नाचा व बँकेचा पुरावा आणि विद्यापीठाचे निमंत्रणपत्र हे व्हिसासाठी सहसा मागितले जातात. नेमकी यादी त्या त्या दूतावासाची पाहावी. मूळ गुणपत्रिका काही विद्यापीठे शिक्षण संपेपर्यंत स्वतःकडे ठेवून घेतात, त्यामुळे निघण्यापूर्वी प्रत्येक कागदाच्या, अपोस्टिलच्या पानासह, साक्षांकित प्रतींचे दोन संच घरी ठेवावेत आणि नीटच्या गुणपत्रकाची प्रत त्यांतच असावी, कारण पुढे एफएमजीईच्या अर्जाच्या वेळी ती पुन्हा लागते.