जॉन्सन, बिल

(३० मार्च १९६० – २१ जानेवारी २०१६). अमेरिकन स्कीपटू. डाउनहिल, म्हणजे बर्फाच्या उतारावरील वेगाच्या शर्यतीत, ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारा पहिला अमेरिकन पुरुष. जन्म लॉस अँजेलिसचा, बालपण ऑरेगनमधील माउंट हूडच्या पायथ्याशी. किशोरवयात मोटारचोरीत सापडला, तेव्हा न्यायाधीशाने त्याला तुरुंगाऐवजी स्की शिकवणाऱ्या संस्थेत धाडले.

गोव्यात बर्फ म्हणजे मालीम जेटीवर मासळीवर घालतात तो. डाउनहिलची वाटही अनेकदा पाणी मारून तशीच टणक केलेली असते. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील सारायेवोजवळच्या ब्येलाश्नित्सा डोंगरावरील १९८४ ची ऑलिंपिक वाट ३,०६६ मीटरची होती, जवळजवळ पणजी–रायबंदर बांधावरच्या रस्त्याएवढी. माथा आणि पायथा यांच्या उंचीतला फरक सुमारे ८०० मीटरचा, दूधसागर धबधब्याच्या अडीचपटीहून जास्त. मांडवीच्या काठाने चालत गेले तर पाऊण तास घेणारे हे अंतर जॉन्सनने १ मिनिट ४५.५९ सेकंदांत कापले. सरासरी वेग ताशी १०४ किमीच्या वर पडतो.

त्याच्या यशाचे श्रेय बेदरकारपणाला देण्याची पद्धत आहे. ते अन्यायाचे आहे. जॉन्सनची खरी विद्या सरकण्याची होती. गुडघे दुमडून, पाठ आडवी करून, हात चेहऱ्यासमोर धरून तो बसे, आणि स्कीची, म्हणजे पायाला बांधलेल्या लांब पट्टीची, धार बर्फात रुतू न देता तळ सपाट ठेवी. कमी उताराच्या टप्प्यांत इतरांचा वेग ओसरे, त्याचा टिके. ब्येलाश्नित्साच्या वाटेवर असे टप्पे भरपूर होते.

जानेवारी १९८४ मध्ये वेंगेन (स्वित्झर्लंड) येथे तोल जाऊन तो पडता पडता सावरला आणि तरीही जिंकला. विश्वचषकाची, म्हणजे हिवाळाभर ठिकठिकाणी चालणाऱ्या शर्यतमालिकेतील, डाउनहिल जिंकणारा तो पहिला अमेरिकन पुरुष. नामांकित युरोपीय स्पर्धकांनी ते नशीब मानले. सारायेवोत हिमवादळामुळे शर्यत ९ फेब्रुवारीवरून १६ फेब्रुवारीवर गेली. त्या आठवडाभर सुवर्ण आपलेच, बाकीचे दुसऱ्या जागेसाठी आले आहेत, असे तो उघड सांगत राहिला. स्वित्झर्लंडच्या पीटर म्युलरला त्याने ०.२७ सेकंदाने मागे टाकले. मार्चमध्ये अ‍ॅस्पेन आणि व्हिस्लर येथेही तोच पहिला आला. त्यानंतर विश्वचषकात विजय नाही. सगळी जिंकती कारकीर्द जेमतेम दोन महिन्यांची.

डिसेंबर १९८६ मध्ये इटलीतील व्हाल गार्देना येथे गुडघा जायबंदी झाला. १९८८ च्या ऑलिंपिक संघात त्याला स्थान मिळाले नाही. पदकामागून लाखो डॉलर येतील ही अपेक्षा फोल ठरली. त्याने सुतारकाम केले, फिरत्या घरात दिवस काढले. लहानगा मुलगा पाण्यात बुडून गेला, पुढे संसारही मोडला.

चाळिशी ओलांडल्यावर २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकसाठी तो पुन्हा उतरला. मधल्या काळात स्कीचा आकारही बदलून गेला होता. दंडावर त्याने ‘स्की टू डाय’ असे गोंदवून घेतले. २२ मार्च २००१ रोजी मोंटानातील बिग माउंटनवर तो वेगात कोसळला. मेंदूला जबर मार बसला आणि तीन आठवडे शुद्ध नव्हती. मग चालणे, बोलणे, घास गिळणे त्याला नव्याने शिकावे लागले. अपघाताआधीच्या कित्येक वर्षांच्या आठवणी पुसल्या गेल्या होत्या. आईने त्याला सांभाळले. २०१० मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर तो ऑरेगनमधील ग्रेशम येथील शुश्रूषागृहात राहिला आणि तिथेच, वयाच्या ५५ व्या वर्षी, वारला.