लपेटा पाईप, फुकणी आणि लागलेला दम

यंदा कोजागिरीला आमच्या गावातून एक ऑटो भरून लोकं दम्याचं औषध घ्यायला गेले. खिरीत मिसळून देतात, खीर चांदण्यात ठेवलेली पाहिजे, रात्रभर जागरण पाहिजे, पहाटे खाऊन मग चालायचं, असा सगळा नेम असतो. शेजारच्या काकूही गेल्या होत्या. पंधरा दिवसांनी भेटल्या तर म्हणाल्या, "फरक आहे व माय, पयल्यासारखा दम नाई लागत." आणि खरंच जरा बऱ्या दिसत होत्या. मी काही वाद घातला नाही, त्यांना बरं वाटतंय हे खरंच आहे. पण कशामुळे वाटतंय हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला घेतलं.

कोजागिरी येते कधी ते बघा. सोयाबीन निघायची वेळ, गावाच्या चारी बाजूंनी थ्रेशर चालू, भुसा हवेत तरंगतोय, धुऱ्यावर गाजरगवत फुललेलं, पहाटे गारवा सुरू झालेला. छातीचा त्रास असणाऱ्याचे हे वर्षातले सगळ्यात वाईट दिवस. माणूस औषधाला जातो तो त्रास अगदी टोकाला गेल्यावरच, बरं असताना कोणी ऑटोचं भाडं भरून जात नाही. आणि दम्याचा स्वभावच चढउताराचा, टोकाला गेलेला त्रास पुढच्या काही दिवसांत आपसूक थोडा तरी उतरतोच, त्यात मळणी उरकते, धूळ बसते. श्रेय मात्र खिरीला जातं.

याचा अर्थ झाडपाल्यात काहीच नसतं असा नाही, तसं म्हणणारेही चुकतात. अडुळसा घ्या, आपल्याकडे कुंपणाला लावतात. त्याच्या पानातल्या वासिसिन नावाच्या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं आणि ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे रूप होतं तेच अँब्रोक्सॉल, खोकल्याच्या बाटलीवर आजही ही नावं वाचायला मिळतात. दुसरं म्हणजे धोतरा. धोतऱ्याचा धूर ओढून दमा उतरवायची रीत १८०२ च्या सुमारास इंग्रज मद्रासहून ब्रिटनला घेऊन गेले, नंतर विसाव्या शतकापर्यंत तिकडच्या दुकानांत दम्याच्या सिगारेटी विकल्या जायच्या. धोतऱ्यातलं अॅट्रोपिन श्वासनळीभोवतीचे स्नायू सैल करतं हे खरंय, पण तेच मेंदूत जाऊन भ्रम करतं, हृदय धडधडवतं आणि एका पानात किती अन् दुसऱ्यात किती याचा काही नेम नाही, माणसं मेलेली आहेत. मग शास्त्रज्ञांनी त्याच जातीचा असा रेणू बनवला जो फवाऱ्यातून ओढला तर नळीत काम करतो आणि मेंदूत जवळजवळ जातच नाही, त्याचं नाव इप्राट्रोपियम. म्हणजे डॉक्टर जो पंप देतात त्यातल्या एकाची आजी धोतराच आहे. म्हणून कोणी घरी धोतरा जाळून ओढू नका, हे हात जोडून सांगते.

आता मला खरं जे सांगायचंय ते. काकूंना विचारलं की दम लागला म्हणजे काय होतं, तर त्या म्हणाल्या "हवाच आत जात नाई." दहापैकी नऊ जण हेच सांगतात. पण अडचण बहुतेक वेळा उलटी असते, आतली हवा बाहेर पडत नाही, म्हणून नवीन हवेला आत जागा नसते.

आत्ता बसल्या जागी करून बघा, फक्त तुम्हाला छातीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर करू नका. पोटभर श्वास घ्या. आता तो पूर्ण सोडायचा नाही, थोडासा सोडायचा आणि लगेच वरच्यावर परत घ्यायचा, परत थोडासाच सोडायचा. असं पाच-सहा वेळा करा. छाती भरलेली आहे, आत लिटरभर जास्तीची हवा आहे आणि तरी जीव घुसमटतो. काकू दिवसभर असा श्वास घेतात.

हे का होतं त्यासाठी लपेटा पाईप डोळ्यासमोर आणा, शेतात गुंडाळी करून ठेवतो तो चपटा पाईप. मोटरीच्या सक्शनला तो कोणी लावत नाही, तिथं कडक पाईपच लागतो, नाहीतर ओढ बसली की भिंती एकमेकांना चिकटतात. आपल्या श्वासनलिकेचंही असंच आहे, वरची मोठी नळी कडक आहे, तिला कुर्च्याच्या कड्या आहेत, गळ्यावर बोट फिरवलं तर लागतात. पण ती फुटत फुटत साधारण २३ वेळा दुभागते आणि शेवटच्या बारीक नळ्यांना कड्याबिड्या काही नसतात, त्या म्हणजे निव्वळ लपेटा पाईप. मग त्या एरवी उघड्या कशा राहतात? तर फुप्फुसातल्या ३० कोटींच्या वर हवेच्या फुग्यांच्या भिंती त्या नळ्यांना चहूबाजूंनी ताणून धरतात, तंबूला जशा दोऱ्या असतात तशा. वर्षानुवर्षं धूर गेला, मग तो बिडीचा असो की चुलीचा, की या दोऱ्या तुटत जातात. यालाच डॉक्टर सीओपीडी म्हणतात. गावात त्यालाही दमाच म्हणतात पण तो वेगळा आजार आहे, दम्यात नळी आवळते आणि औषधाने बरीचशी सुटते, सीओपीडीत दोऱ्याच तुटलेल्या असतात. काही लोकांना दोन्ही असतं.

आता अशा माणसाने घाबरून जोर लावून श्वास सोडला तर काय होईल. जोर छातीच्या पिंजऱ्यात लागतो, तो फुग्यांवरही पडतो आणि बाहेरून त्या मऊ नळ्यांवरही पडतो. नळीच्या आतला दाब फुग्यापासून तोंडाकडे येता येता कमी कमी होत जातो, कारण वाटेत घर्षण आहे, आणि तोंडाशी तर तो शून्यच धरा. म्हणजे वाटेत कुठंतरी एक जागा अशी येतेच की जिथं आतला दाब आणि बाहेरचा दाब सारखा होतो, तिच्या पुढे तोंडाच्या बाजूला बाहेरचा दाब जास्त. ती जागा कड्या असलेल्या मोठ्या नळीत आली तर काही बिघडत नाही, निरोगी माणसात ती तिथंच येते. दोऱ्या तुटलेल्या माणसात ती आत सरकते, लपेटा पाईपात येते आणि पाईप चपटा. जितका जोर जास्त तितका चपटा. वरून नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो, पॉइझ्वी नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४० च्या सुमारास हे बारीक नळ्यांवर मोजून काढलं होतं. म्हणून अशा पेशंटला "जोरात श्वास सोडा" सांगणं म्हणजे त्याचा गळा आवळण्यासारखं आहे, आणि टीव्हीवर बघून सीओपीडीवाल्याने दणादण कपालभाती करणं मला त्याचसाठी पटत नाही.

मग उपाय काय? लपेटा पाईप पाणी कमी असताना चपटा पडलेला असतो, त्याचं शेवटचं तोंड हातात आवळून धरा, मागचा सगळा पाईप टम्म फुगतो. झालं, हाच उपाय. नाकाने हळू श्वास घ्यायचा, मनात एक दोन मोजायचं, मग फुकणीला लावतो तसा ओठांचा चंबू करायचा आणि एक दोन तीन चार असं मोजत हळूहळू सोडायचा, गाल फुगवायचे नाहीत, जोर लावायचा नाही. ओठाशी वाट अरुंद केली की मागे सगळ्या नळ्यांत दाब वाढतो आणि ती सारख्या दाबाची जागा बाहेरच्या बाजूला, कड्यांच्या नळीकडे सरकते. वर श्वासाचा वेगही उतरतो. मिनिटाला ३० श्वास चालले असतील तर एका श्वासाला २ सेकंद, त्यात सोडायला फार तर एक सेकंद मिळतो, आणि या लोकांना पूर्ण सोडायला पाच-सहा सेकंद सहज लागतात. म्हणून प्रत्येक श्वासाला थोडी हवा आत अडकून साठत जाते. चंबूने सोडायला वेळ मिळतो, साठलेली हवा निघते, छाती आणि पोटाच्या मधला चपटा झालेला पडदा परत घुमटासारखा होतो आणि पुढचा श्वास आपोआप मोठा येतो. पैसे लागत नाहीत, काही साइड इफेक्ट नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत होते.

मनाला लागणारी गोष्ट ही आहे की काकूंचे ओठ चाळीस वर्षं हेच करत होते. चुलीतल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, ओल्या असल्या की फुकणीने फुंकायचं, आणि फुंकून झालं की तोच धूर पुढच्या श्वासात आत घ्यायचा. उज्ज्वला योजनेचा गॅस २०१६ नंतर घरोघरी आला, तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून पुष्कळ घरांत तुराट्या-पऱ्हाट्यांवरच होते, सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाट्या शेतात फुकट पडलेल्या असतात. चूल निदान अंगणात काढली तरी बराचसा धूर डोक्यावरून जातो. कोणत्याही काढ्यापेक्षा मी याला जास्त मार्क देईन.

बाकीचं पटापट सांगते. दम लागलेला माणूस ओट्यावर पुढे वाकून गुडघ्यावर हात टेकवून बसतो, त्याला आडवं करू नका, हात टेकले की मानेचे आणि खांद्याचे स्नायू फासळ्या उचलायला मोकळे होतात. चेहऱ्यावर विंझण्याने वारा घातला तरी दम कमी वाटतो आणि यावर चाचण्या झालेल्या आहेत, गालाच्या नसेला गार वारा लागला की मेंदूची घुसमट कमी होते, हवा तेवढीच असते. पुदिन्याच्या अर्काचंही तसंच, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, नळी काही रुंद होत नाही. वाफेने सर्दीत बरं वाटत असेल पण दम्याच्या अटॅकमध्ये तिचा भरवसा धरू नका, आणि लहान पोरं गरम पाण्याने भाजतात ते वेगळंच. योगासनांबद्दल कॉक्रेन या औषधोपचारांच्या चाचण्या तपासणाऱ्या संस्थेने २०१६ साली सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, दमेकऱ्याचं रोजचं जगणं थोडं सुधारतं असं दिसलं, फुप्फुसाच्या मोजमापात मात्र एकसारखा फरक दिसला नाही. म्हणजे औषधासोबत करा, औषधाऐवजी नको.

एका गोष्टीचा मात्र मला खरंच राग आहे. बाजाराच्या दिवशी पुडीत मिळणारी बिननावाची दम्याची पावडर, "तीन दिवसांत गुण". गुण येतो, कारण अशा काही पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. मग चेहरा गोल सुजतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एक दिवस पुडी संपली की शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बंद पडलेलं असल्याने माणूस कोसळू शकतो. आणि पुडीवर भरवसा ठेवणारेच म्हणतात की पंपाची सवय लागते. हिशोब बघा, साल्ब्युटामॉल या नळी उघडणाऱ्या औषधाचा पंपातला एक झटका १०० मायक्रोग्रॅमचा, त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस पट. पंप थेट नळीत जातो म्हणून थोडक्यात भागतं. शुगरच्या गोळीला कोणी सवय म्हणत नाही, मग पंपालाच का?

काकूंना जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन फुंकायची तपासणी केली, स्पायरोमेट्री म्हणतात ती. त्याआधी थुंकीही तपासली, दोन आठवड्यांवर खोकला असला की टीबीची तपासणी करायचीच, सरकारी दवाखान्यात फुकट होते. पंप सुरू झालाय, डब्यासारखा स्पेसर लावून ओढतात आणि रोज सकाळी मारुतीच्या पारापर्यंत चालत जातात, दोन पावलं श्वास आत, चार पावलं चंबूने बाहेर. घागर उचलायची असेल तर उचलताना फुंकायचं, श्वास धरून ठेवायचा नाही, हे त्यांना मी हापशीवर उभं राहून शिकवलं. पहिल्या दिवशी बायका बघत होत्या. आता त्यांच्यातल्या दोघी मला विचारून गेल्यात, चंबू कसा करायचा म्हणून.