बर्फात न बोलणारी विजार

नोव्हेंबरातल्या एका सकाळी साडेसातला अमेरिकेतल्या मिनेसोटाहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथे आदल्या रात्रीचे आठ वाजले होते. नागपुरात, प्रतापनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात चहा उकळत होता आणि फोनमधून श्विप्-श्विप्-श्विप् असा आवाज येत होता.

"ऐकून राहिले ना मामा? ही माझी पँट आहे. चालू लागलो की बोंबलते."

ऑफिसातले सहकारी त्याला हरणाच्या शिकारीला घेऊन गेले होते. रीतसर लायसन्स, नारिंगी जॅकेट, सगळं होतं. बर्फ म्हणून याने नवीकोरी वॉटरप्रूफ पँट घेतली. जंगलात दहा पावलं टाकली नाहीत तोच पुढच्या गड्याने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. उरलेला दिवस साहेबांनी गाडीत बसून काढला.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचा विषयच संपवला, आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही. पण भाच्याच्या पँटचा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे आणि ते मी कॉलेजात आयुष्यभर शिकवलं. शिवाय पहाटे गोरेवाड्याच्या गवतात पक्षी बघायला जाणाऱ्यालाही तो पडतो. दवाने पँट पोटरीपर्यंत भिजते. रेनपँट घालावी, तर तिच्या सळसळीने तितर आधीच उडून जातो.

तर आधी आवाज. नायलॉनचं कापड डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण भिंगाखाली धरा. आडव्या-उभ्या धाग्यांची बारीक बारीक वरंबं दिसतात. सेंटिमीटरला साधारण 40 धागे धरू. चालताना एक मांडी दुसरीला घासून जाते, त्या क्षणी दोन्हींतला सापेक्ष वेग सेकंदाला मीटरभर असू शकतो. एका मीटरमध्ये 4,000 धागे, म्हणजे सेकंदाला 4,000 ठोकरा. हा झाला 4 किलोहर्ट्झचा आवाज. माणसाचा कान 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये सगळ्यात तिखट असतो. मिनेसोटातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची श्रवणशक्ती शास्त्रज्ञांनी तपासली, तर त्यांचा कान 4 ते 8 किलोहर्ट्झला सर्वांत तीक्ष्ण निघाला. एखाद्याने हरणाला सावध करायचं यंत्र मुद्दाम बनवायचं ठरवलं असतं, तरी याहून नेमकं जमलं नसतं.

याच हिशोबाने कॉर्डरॉयची पँट घेऊन बघा. तिच्या दोन रेघांत अडीच मिलिमीटरचं अंतर असेल, तर त्याच चालीला 400 हर्ट्झचा, जाडसर 'झुप झुप' आवाज येतो. आणि नायलॉनच घालून चाल दहापट मंद केली, तरी आवाज 400 वर उतरतो, शिवाय हळू होतो. दबकत चालण्यामागचं गणित हेच. मांजराला ते शिकवावं लागत नाही.

पण भाच्याच्या पँटचा खरा गुन्हेगार धागा नव्हताच. गुन्हेगार होता आतला पापुद्रा.

पाणी अडवायचं तर कुठेतरी सलग पडदा हवा. साध्या रेनकोटात तो पीव्हीसीचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप असतो. महागड्या कापडात तो फार बारीक छिद्रांचा पडदा असतो. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोअर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू न ताणता एकदम हिसका देऊन ताणली, तेव्हा ती न तुटता कितीतरी पट लांब झाली. आत सूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं होतं. गोअर-टेक्सचा जन्म हा असा. छिद्रं इतकी लहान की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते.

आता कोणताही सलग, पातळ, ताठर पडदा चुरगाळला की तो मऊपणे वळत नाही. आधी ताण साठवतो आणि मग टचकन एका घडीतून दुसऱ्या घडीत उडी मारतो. वेफर्सचं पाकीट सिनेमागृहात कितीही हळू उघडा, आवाज होतोच. हळू उघडलं तर टचकन होण्याचा प्रकार फक्त लांबतो. प्रत्येक उडी म्हणजे एक छोटा टाळीसारखा आवाज, आणि गुडघा एकदा वाकला की अशा शेकडो टाळ्या.

थंडीत हे आणखी बिघडतं. दुकानात चोवीस अंशांवर मऊ वाटलेली पँट उणे पंधराला तशी राहील याची हमी नाही. पीव्हीसी मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यांमुळे, आणि गारठ्यात त्याच्या रेणूंच्या साखळ्या जागच्या जागी थिजतात. मी हे घरीच करून पाहिलं. जुन्या रेनकोटाची बाही, फाटक्या छत्रीचं नायलॉन आणि एक लोकरी मफलर, तिन्हींचे तळहाताएवढे तुकडे रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले. तिथे उणे अठराच्या आसपास तापमान असतं. पहिल्या खेपेला तुकडा बाहेर काढून चुरगाळला आणि फसलो. पातळ कापड हातात येताच गरम होतं. मग हातमोजा चढवून, हात फ्रीजरमध्येच घालून, कान दाराशी लावून चुरगाळलं. रेनकोट पापडासारखा मोडला नाही, पण आवाज मात्र तळलेल्या पापडाचाच. छत्रीचं कापड आदल्या दिवशीपेक्षा जरा करकरलं. मफलरला फरकच पडला नव्हता. बायकोने हे सगळं बघितलं आणि फक्त मटारची पिशवी बाजूला सरकवली.

मफलर गप्प का राहतो? लोकरीच्या कापडावर लव असते. घासताना एक ताठ वरंबं दुसऱ्यावर आदळत नाही, हजारो मऊ केस वाकतात आणि घासण्याची ऊर्जा आपापसांतच जिरवतात. गव्हाणी घुबडाने हीच युक्ती केली आहे. त्याच्या पिसांच्या वरच्या बाजूला मखमलीसारखी लव असते, त्यामुळे पंख मिटताना-उघडताना पिसावर पीस घासलं तरी खरखर होत नाही. पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते आणि मागच्या कडेला झालर असते, ती हवेचा आवाज मोडते. उंदराला घुबड कळतं ते नखं रुतल्यावर.

थोडक्यात, भाच्याची अडचण अशी: पाणी अडवायला सलग पडदा हवा, आणि आवाज अडवायला पडदा नको, लव हवी.

इथे मी त्याला विचारलं, "अरे, पण तुला पाणी अडवायचंच कशाला आहे?"

"मामा, बर्फ आहे ना तिथे!"

बर्फ म्हणजे ओलं, असं आपण विदर्भातले लोक धरून चालतो, कारण आपण बर्फ बघतो तो रसवंतीच्या लादीवर, वितळताना. उणे पंधराला पडलेलं हिम पिठासारखं कोरडं असतं. झटकलं की पडतं. ते ओलं करतं फक्त दोन ठिकाणी: जिथे अंगाची ऊब आणि वजन दोन्ही लागून ते वितळतं, आणि जिथे बुटात शिरून अडकतं. हवा शून्याच्या आसपास असेल तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. तेव्हाचा बर्फ म्हणजे गार चिखल, आणि मग पडद्याला पर्याय नाही.

वजनाचं गणित सोपं आहे. कापड किती पाणी अडवतं ते पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, मिलिमीटरमध्ये मोजतात. लेबलवर 5,000, 10,000, 20,000 असे आकडे असतात. 70 किलोचा माणूस एका गुडघ्यावर टेकला आणि निम्मं वजन त्या गुडघ्यावर आलं, तर 35 किलो साधारण 50 चौरस सेंटिमीटरवर पडतात. चौरस सेंटिमीटरला 700 ग्रॅम, म्हणजे सात मीटर उंच पाण्याचा दाब, म्हणजे 7,000 मिलिमीटर. तीन हजारवाली पँट पावसात ठीक, ओल्या बर्फात गुडघा टेकताच झिरपणार. बसताना तेच वजन कितीतरी मोठ्या जागेवर पसरतं, दाब बराच कमी राहतो. तेव्हा तगडा पडदा हवा तो गुडघ्यावर. अख्ख्या पायाला तो गुंडाळून चालता-बोलता वेफर्सचा पुडा होण्यात अर्थ नाही.

उरलेल्या पायाला काय घालायचं? सुती तर नक्कीच नाही. हे नागपुरात बसून लिहिताना जरा अपराधी वाटतं. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती याच गावात, ती कापसासाठीच. केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही इथलीच. मे महिन्यात सुती सदऱ्यासारखं सुख नाही, कारण कापूस घाम पितो आणि वाळताना अंगाची उष्णता नेतो. बर्फात नेमका हाच गुण जिवावर येतो. कापड ऊब देतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. सुती कापड भिजलं की हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट उष्णता वाहून नेतं. जीन्स घालून बर्फात उतरणाऱ्याला सहानुभूती द्यावी, सल्ला देण्याची वेळ गेलेली असते.

लोकरीचा तंतू आतून पाणी पितो, पण वरून खवल्यांनी झाकलेला आणि पाणी झटकणारा असतो. वजनाच्या जवळजवळ तृतीयांश ओलावा वाफेच्या रूपात पोटात घेऊनही तो हाताला ओला लागत नाही. आणि ओलावा शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकतो. धनगराच्या अंगावरची घोंगडी आठवा. जाड्याभरड्या लोकरीची, धाग्याला चिंचोक्याची खळ दिलेली. पावसात तिची खोळ करून तो दिवसभर मेंढरांमागे उभा राहतो. ती वॉटरप्रूफ नाही, पण पाणी आत पोचेपर्यंत पाऊस दमतो. आल्प्समधल्या लोकांनी याच कल्पनेचं 'लोडेन' केलं. लोकरीचं कापड गरम पाण्यात रगडून इतकं आटवायचं की वीण दिसेनाशी होते, मग लव विंचरून खालच्या दिशेला बसवायची, म्हणजे थेंब उतरणीला लागतो.

लवेचा एक तोटा मात्र भाच्याला आधीच सांगून टाकला: तिला बर्फ चिकटतो. फ्लीसची, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाची, झुबकेदार पँट घालून हिमात चाललं की पोटऱ्यांवर लिंबाएवढे गोळे लोंबतात. म्हणून लव आखूड, दाट हवी.

याचं सगळ्यात देखणं उत्तर आर्क्टिकमध्ये आहे. उत्तर ग्रीनलंडचे इनुइट शिकारी पिढ्यान्‌पिढ्या ध्रुवीय अस्वलाच्या कातड्याच्या विजारी घालत आले. सीलच्या श्वासाच्या भोकापाशी तासन्‌तास थांबताना तिपाईच्या पायांखालीही ते अस्वलाचं कातडं लावत, आवाज होऊ नये म्हणून. बर्फाच्या पाण्यातून बाहेर येणाऱ्या अस्वलाच्या केसांवर बर्फ का धरत नाही, हे 2025 मध्ये नॉर्वे आणि आयर्लंडमधल्या संशोधकांनी तपासलं. केस धुतले तर बर्फ घट्ट धरतो, न धुता ठेवले तर सहज सुटतो. म्हणजे जादू केसांत नाही, केसांवरच्या तेलात आहे. त्या तेलात, आपल्या त्वचेवर भरपूर असणारं स्क्वालीन नावाचं द्रव्य जवळजवळ नसतंच, आणि बर्फ धरण्याला ते द्रव्यच मदत करतं. इनुइट बायका ही कातडी कमावताना केसांवरचं तेल जपत, ते का, हे प्रयोगशाळेला आत्ता कळलं.

कंपन्यांनी तेच काम रसायनांनी केलं. बाहेरच्या कापडावर असा लेप द्यायचा की त्यावर पाणी अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन घरंगळावं. वर्षानुवर्षं हे लेप फ्लोरिनच्या संयुगांचे होते. ती निसर्गात विघटित होत नाहीत, म्हणून आता हटवली जात आहेत. कॅलिफोर्नियाने 2025 पासून नेहमीच्या कपड्यांत त्यांना बंदी केली. नवे लेप पाणी झटकतात, तेल आणि मळ तितकासा झटकत नाहीत, म्हणून पँट वेळोवेळी धुवावी लागते. धुताना फॅब्रिक कंडिशनर घालायचं नाही. तो धाग्यावर पाणी ओढणारा थर सोडतो, आणि अळवाचं पान पालक होऊन बसतं.

शेवटी भाच्याला जे सुचवलं ते असं. बाहेरून आटवलेल्या लोकरीची पँट. थर्मामीटर शून्याजवळ असेल त्या दिवशी तिच्या आत पातळ, विणीच्या अस्तराला चिकटवलेल्या पडद्याची रेनपँट. वरची लोकर भिजेल, पण पाय कोरडा राहील आणि पडद्याची टचटच लोकरीत विरेल. सुटा, लोंबता पडदा नको, तो जास्त वाजतो. गुडघ्यावर जाड ठिगळ. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत गेटर, म्हणजे बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण, पण तेही बाहेरून लोकरी. गेटरऐवजी जगभरच्या सैनिकांनी पोटरीला कापडाची पट्टी गुंडाळली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक तिला 'पटी' म्हणत. शब्द आपल्याकडचाच, पट्टी. कल्पना हिमालयातली, आणि आवाज शून्य.

एक इशाराही दिला. डिसेंबरच्या पहाटे आमच्या घरात अजनी यार्डातल्या इंजिनाचा भोंगा अंगणात वाजल्यासारखा येतो, दुपारी ऐकूही येत नाही. रात्रीत जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते, आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. बर्फाळ माळावर शांत पहाटे हे आणखी जोरात होतं. ताजं भुसभुशीत हिम थोडा आवाज गिळतं, पण त्यावर गोठलेली खपली आली की तेही नाही.

पंधरा दिवसांनी त्याने व्हॉट्सॲपवर एक ऑडिओ पाठवला. जुन्या बाजारातून घेतलेली लष्करी लोकरी विजार, उणे चौदा. मी हेडफोन लावून ऐकलं. पँटचा आवाज नव्हताच. मात्र प्रत्येक पावलाला कुर्रर्र, कुर्रर्र. साधारण उणे दहाच्या खाली पायाखालचे हिमकण वितळून सरकत नाहीत, एकमेकांवर घासून मोडतात, आणि तो आवाज खडूने फळ्यावर ओरखडावं तसा दूरवर जातो.

खाली मेसेज होता: "मामा, आता बुटांचं काय?"