बेरीज जुळत नाही तेव्हा

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये किरचॉफच्या व्होल्टता नियमाची बेरीज बऱ्याचदा शेवटच्या दशांशापर्यंत जुळलेली दिसते. रीडिंग जुळवून लिहिलेले असते, हे उघड आहे. आणि जुळलीच नाही, तर खापर रोधांवर फुटते: ‘पाच टक्के टॉलरन्स आहे ना!’ म्हणजे रोधाची खरी किंमत छापील किमतीपेक्षा पाच टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असू शकते. हे कारण साफ चूक आहे.

गुस्ताव्ह किरचॉफ यांनी १८४५ मध्ये, विद्यार्थी असतानाच, हा नियम मांडला. बंद परिपथात एक पूर्ण फेरी मारली की विभवांतरांची (म्हणजे व्होल्टेजची) बैजिक, म्हणजे अधिक-उणे चिन्हांसह केलेली, बेरीज शून्य येते. मुळात हा ऊर्जेचा हिशेब आहे. बॅटरीने प्रभाराला जेवढी ऊर्जा दिली, तेवढीच तो वाटेत खर्च करतो. ‘फ्री एनर्जी’ सर्किटचे व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी एवढे तरी आठवावे.

९ व्होल्टची बॅटरी घ्या. १, २.२ आणि ३.३ किलोओहमचे रोध एकसर जोडा. त्यांच्यावर साधारण १.३८, ३.०५ आणि ४.५७ व्होल्ट मिळतील, बेरीज ९, म्हणजे बॅटरीइतकीच; बॅटरीचे ९ त्यातून वजा केले की शून्य. समजा २.२चा रोध प्रत्यक्षात २.३ निघाला, तर त्याचा वाटा वाढेल आणि बाकीच्या दोघांचा मिळून तेवढाच घटेल. बेरीज जागची हलणार नाही. बॅटरीचे व्होल्टेज मात्र परिपथ चालू ठेवूनच मोजा.

आता १ मेगाओहमचे दोन रोध लावा. प्रत्येकावर ४.५ व्होल्ट हवेत, पण मल्टिमीटर दोन्हीकडे ४.२९च्या आसपास दाखवतो. बेरीज ८.५७! नियम मोडला?

नाही. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध सहसा १० मेगाओहम असतो. तो १ मेगाओहमला समांतर आला की जोडीचा रोध ०.९१ मेगाओहम होतो, म्हणून तिच्या वाट्याला व्होल्टेज कमी येते. त्याच क्षणी दुसऱ्या रोधावर ४.७१ व्होल्ट असतात आणि बेरीज ९च असते. मीटर तिकडे नेला की चित्र उलटते. आपण दोन वेगवेगळ्या परिपथांतली रीडिंग एकत्र मिळवत होतो. पटत नसेल तर तसलाच दुसरा मीटर मागून आणा आणि दोन्ही एकाच वेळी लावा: ४.५ आणि ४.५.

परिपथातून बदलते चुंबकीय क्षेत्र जात असेल, तर मात्र बेरीज खरोखरच शून्य येत नाही. तिथे फॅराडेचा नियम लागतो: बदलते चुंबकीय क्षेत्र स्वतःच परिपथात व्होल्टेज निर्माण करते. म्हणून हा प्रयोग ट्रान्सफॉर्मरपासून लांब मांडावा.